विरजण कोठून आणलें?

गेल्या महिन्यांत एका रविवारीं रात्रीं आमच्या माजघरांत एक वाद झाला. वाद लहानसाच होता. परंतु त्याचा निकाल लावण्याचें काम माझ्याकडे आलें, आणि मीं तें या सदरावर ढकललें. तेव्हां वाचकांना तो आरंभापासून सांगणें प्राप्त आहे.

जेवणें उरकलीं होतीं. आमच्या मातोश्री, ज्यांना घरांतील लहानथोर सारेच ‘आजी’ म्हणतात, दुसऱ्या दिवसाचें दहीं विरजीत बसल्या होत्या. दादांची, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंची, नात चि. मुक्ता नुकतीच बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली आहे. तिनें हळूच विषय काढला कीं, आपल्याला जैवअभियांत्रिकीचा अभ्यास करावयाचा आहे. तिचा काका अनंत हा उत्साही गृहस्थ. तो म्हणाला, “अवश्य शीक! अमेरिकेंत २०१० सालींच प्रयोगशाळेंत माणसानें जीव निर्माण केला. आतां ब्रह्मदेवाला निवृत्तिवेतन देण्यास हरकत नाहीं.” यावर दादा उसळून म्हणाले, “त्यांत नवें तें काय? गांधारीचे शंभर पुत्र तुपाच्या कुंभांतून वाढविल्याची कथा आपल्याकडे आहेच.” आणि क्षणभर थांबून त्यांनीं पुढें जोडलें, “शिवाय असलीं कामें माणसाचीं नव्हेत. आपल्या घरच्या मुलीनें त्या वाटेस जाऊं नये.” जें आपल्या पूर्वजांनीं केलें म्हणून भूषण मानावयाचें, तेंच आपल्या नातीनें करूं नये म्हणून बजावावयाचें, ही विसंगति त्यांच्या ध्यानांत आली नाहीं. मुक्तेचा चेहरा मात्र उतरला.

इतक्यांत आजींनीं पातेल्यावर झांकण ठेवीत विचारलें, “अरे, पण विरजण कोठून आणलें त्यांनीं?”

सगळे हंसले. मुक्ता हंसली नाहीं. ती म्हणाली, “काकाआजोबा, आजीनें विचारलें तेंच तर विचारायला पाहिजे.” मलाही तसेंच वाटलें, आणि म्हणून या खेपेस दुसरें कांहीं न लिहितां या एकाच प्रश्नाचा विचार करावयाचें योजिलें आहे.

दहीं लावणें ही घरोघरची गोष्ट असल्यामुळें तींतील मर्म आपल्या ध्यानीं येत नाहीं. कोमट दुधांत चमचाभर दहीं घातलें म्हणजे त्यांतील सूक्ष्म जंतु दुधांतील साखरेचें आम्ल करतात, त्या आम्लानें दूध गोठतें, आणि जंतूंची संख्या अफाट वाढते. उद्यां त्यांतलेंच चमचाभर पुढील दह्यास पुरतें. घरांतील विरजण संपलें तर आपण शेजारीं वाटी घेऊन जातों. शेजारणीनें तें कधीं काळीं माहेराहून आणलेलें असतें. दूध विकत मिळेल, भांडें नवें घेतां येईल; परंतु विरजण हें विरजणापासूनच येतें. इ. स. १८५५ सालीं जर्मन वैद्यक-पंडित फिर्को यानें प्रत्येक पेशी ही पेशीपासूनच जन्मते हा सिद्धांत प्रसिद्ध केला. पुढें १८६० नंतरच्या थोड्याच वर्षांत फ्रान्समध्यें पाश्चरनें वांकड्या मानेच्या कुप्यांत उकळलेलें पोषक द्रव ठेवून दाखवून दिलें कीं, बाहेरून जंतु शिरूं दिले नाहींत तर त्यांत आपोआप कांहींही उपजत नाहीं. आजींचा प्रश्न हा असा जीवशास्त्राचा मूळचाच प्रश्न आहे. ही अखंड सांखळी अमेरिकेंतील त्या शास्त्रज्ञांनीं तोडली काय?

त्यांनीं काय केलें हें समजण्यासाठीं पेशीच्या आंत डोकावलें पाहिजे. पेशी हें प्राणिमात्राच्या शरीराचें घर. या प्रत्येक घरांत एक पोथी असते. तिला शास्त्रांत जनुकसंच किंवा जीनोम म्हणतात. ती डीएनए नांवाच्या लांबच लांब रेणूवर लिहिलेली असते, आणि तिची वर्णमाला अवघ्या चार अक्षरांची आहे. कोणतें प्रथिन केव्हां व कसें बनवावयाचें याच्या सूचना या अक्षरांच्या अनुक्रमांत असतात. अशा एकेका सूचनेस जनुक म्हणावें. मनुष्याच्या पोथींत सुमारें तीनशें कोटि अक्षरें आहेत. घरांतील कारागीर ती पोथी वाचतात, तीप्रमाणें प्रथिनें घडवितात, घराची डागडुजी करतात, आणि वेळ आली म्हणजे पोथीची नक्कल उतरून एका घराचीं दोन घरें करतात.

ही पोथी वाचणें एक, आणि आपल्या हातानें लिहिणें दुसरें. लेखनाच्या या विद्येचा पाया घालणाऱ्यांत एक भारतीय नांव अग्रभागीं आहे. डॉ. हरगोविंद खुराना यांचा जन्म १९२२ सालीं पंजाबांतील रायपूर या खेड्यांत झाला. तें गांव आतां पाकिस्तानांत आहे. वडील पटवारी. सुमारें शंभर वस्तीच्या त्या गांवांत लिहितांवाचतां येणारें जवळजवळ हें एकच कुटुंब होतें. पोथीतील अक्षरांचा अर्थ कसा लावावा या शोधाबद्दल खुरानांना १९६८ सालीं इतर दोघांसह नोबेल पारितोषिक मिळालें. १९७० सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ७७ अक्षरजोड्यांचें एक जनुक रसायनांपासून जुळवून दाखविलें, आणि १९७६ सालीं जिवंत जंतूंत प्रत्यक्ष काम करणारें जनुकही तयार केलें. सत्याहत्तर अक्षरांसाठीं वर्षानुवर्षे खर्चीं पडलीं, हें पुढील आंकडे वाचतांना ध्यानांत असूं द्यावें.

आतां अमेरिकेकडे वळूं. क्रेग व्हेंटर, हॅमिल्टन स्मिथ आणि क्लाइड हचिन्सन या तिघा शास्त्रज्ञांना एका प्रश्नानें पछाडलें होतें: जगण्यासाठीं कमींत कमी किती जनुकें लागतात? याकरितां त्यांनीं मायकोप्लाझ्मा नांवाचे जंतु निवडले. हे अत्यंत लहान. यांना इतर जंतूंसारखी बाहेरची कठीण भिंतही नसते, नुसतें पातळ आवरण असतें. त्यांपैकीं एका जातीची सुमारें पांच लक्ष ऐंशी हजार अक्षरांची पोथी १९९५ सालीं वाचून झाली होती. परंतु नवी पोथी लिहिली तरी ती जिवंत घरांत बसवावयाची कशी? आधीं तें साधलें पाहिजे होतें.

तें २००७ सालीं साधलें. कॅरोल लार्टिग या विदुषीनें व तिच्या सहकाऱ्यांनीं शेळ्यांना पीडा देणाऱ्या दोन निकटच्या जाती घेतल्या. एकीचें नांव मायकॉइडिस, दुसरीचें कॅप्रिकोलम. मायकॉइडिसच्या पेशी त्यांनीं अगारच्या मऊ वडींत बसविल्या आणि तेथल्या तेथें विरघळवून टाकल्या. प्रथिनेंही नाहींशीं केलीं. मागें राहिली ती केवळ उघडी पोथी. हा रेणू इतका लांब व नाजूक असतो कीं, साध्या नळींतून जोरानें ओढला तरी तुटावा. म्हणून हा वडीचा आधार. मग ती पोथी कॅप्रिकोलमच्या जिवंत पेशींत एका रसायनाच्या साहाय्यानें मिसळली. मूळ पोथींत दोन खुणा आधींच घालून ठेवल्या होत्या: एक टेट्रासायक्लिन या औषधास दाद न देण्याची, व दुसरी विशिष्ट द्रव्य मिळतांच निळा रंग आणण्याची. पेशी औषधयुक्त अन्नावर पसरल्या. जुनीच पोथी असलेल्या पेशी मेल्या. ज्या मूठभर पेशींनीं नवी पोथी स्वीकारली त्या वाढल्या आणि त्यांच्या निळ्या वसाहती दिसूं लागल्या. तपासून पाहतां त्यांतील प्रथिनें मायकॉइडिसचीं निघालीं. कॅप्रिकोलमची ओळख पुसली गेली होती.

आपल्याकडे दत्तक मुलगा नव्या घरीं जातो आणि त्या घराचें गोत्र घेतो. येथें उलट घडलें. दत्तक घरांत आला, आणि घरासच त्याचें गोत्र लागलें. एका जातीची पेशी कांहीं दिवसांत दुसऱ्या जातीची झाली.

२००८ सालीं याच मंडळींनीं ५,८२,९७० अक्षरांची एक संपूर्ण पोथी रसायनांपासून रचली. परंतु ती ज्या जंतूची होती तो फार सावकाश वाढणारा. एकेका प्रयोगाचा निकाल पाहण्यास आठवडेच्या आठवडे लागत. म्हणून त्यांनीं जवळजवळ दुप्पट मोठी, पण लवकर वाढणाऱ्या मायकॉइडिसची पोथी लिहावयास घेतली. येथें आणखी एक अडचण उभी राहिली. एवढी मोठी पोथी जुळविण्यास त्यांनीं यीस्टचा आश्रय घेतला होता. पावाचें पीठ फुगविणारें हेंच तें यीस्ट. डीएनएचे तुकडे त्याच्या पोटांत सोडले कीं तें त्यांचीं टोकें मोठ्या कुशलतेनें सांधतें. परंतु यीस्टमधून काढलेली पोथी कॅप्रिकोलमच्या घरांत शिरतांच कापली जाई. परक्या डीएनएची पारख करून त्याचे तुकडे करणाऱ्या कातऱ्या जंतूंच्या अंगीं असतात. आपल्या पोथीवर ते एक रासायनिक खूण करून ठेवतात, आणि ज्यावर ती खूण नाहीं तें परकें समजतात. यीस्टला ही खूण करतां येत नाहीं. यांतील मौज अशी कीं, या कातऱ्यांच्या शोधाबद्दलच हॅमिल्टन स्मिथ यांना १९७८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें होतें. ज्यांचा शोध लावून कीर्ति मिळविली त्यांनींच तीस वर्षांनीं वाट अडविली! अखेर २००९ सालीं त्यांनीं पोथीवर बाहेरून खूण उमटविण्याची, आणि यजमान पेशीची कातरी बोथट करण्याची, अशा दोन्ही युक्त्या सिद्ध केल्या.

मग मुख्य काम. १०,७७,९४७ अक्षरांची पोथी संगणकावर मांडली. तिचे प्रत्येकीं १,०८० अक्षरांचे १,०७८ तुकडे रसायनांपासून तयार करविले. शेजारच्या तुकड्यांचीं टोकें ८० अक्षरांपुरतीं एकमेकांशीं जुळतील अशी योजना होती. दहा तुकडे सांधून सुमारें दहा हजार अक्षरांचा खंड. असे दहा खंड सांधून सुमारें एक लक्षाचा अध्याय. आणि असे अकरा अध्याय मिळून संपूर्ण ग्रंथ. ग्रंथ झाला, तो पेशींत घातला, आणि कांहींच उगवलें नाहीं.

दोष कोठें आहे तें शोधण्यासाठीं त्यांनीं एकेक नवा अध्याय नैसर्गिक पोथींतील उरलेल्या अध्यायांशीं जोडून पाहिला. दहा अध्याय बिनचूक ठरले. एक घातक निघाला. त्यांत पोथीची नक्कल उतरण्यास आरंभ करून देणारें एक जनुक होतें, आणि त्या जनुकांत एक अक्षर गळलें होतें. दहा लक्षांहून अधिक अक्षरांत एक! या एका अक्षरापायीं कित्येक आठवडे गेले.

महाराष्ट्रांतील वाचकाला येथें ‘ध’चा ‘मा’ आठवल्यावांचून राहणार नाहीं. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला, त्यामागें ‘धरावें’ याचें ‘मारावें’ केलें गेलें अशी आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. येथें मात्र अक्षर बदललें नव्हतें, सुटलें होतें. आणि तें अधिक वाईट. कारण पेशी ही पोथी तीन तीन अक्षरांचा शब्द धरून वाचते, आणि दोन शब्दांमध्यें जागा सोडलेली नसते. ‘कमल नयन सदन’ हीं नऊ अक्षरें सलग लिहून त्यांतील सहावें गाळावें, म्हणजे वाचणारा ‘कमल नयस दन’ असें वाचील. पहिला शब्द शाबूत, पुढचे सगळे निरर्थक. पेशीचेंही तसेंच झालें.

चूक सुधारली. पुन्हा प्रयोग केला. या वेळीं निळी वसाहत दिसली. २० मे २०१० रोजीं हें वृत्त जगापुढें ठेवण्यांत आलें. या कामावर चोवीस जणांनीं लेखक म्हणून नांवें घातलीं, त्यांत संजय वशी, राधा कृष्णकुमार व प्रशांत परमार हीं आपल्या कानांना ओळखीचीं वाटणारीं नांवेंही आहेत. जुने लेखक पोथीच्या शेवटीं आपलें नांव लिहीत, तसें यांनींही केलें. पोथींतील निरुपयोगी जागीं सांकेतिक लिपींत त्यांनीं सहभागी मंडळींचीं नांवें आणि तीन वचनें गुंफलीं. त्यांपैकीं एक वचन पदार्थविज्ञानाचे प्रसिद्ध आचार्य रिचर्ड फाइनमन यांचें. त्याचा आशय असा कीं, जें आपल्याला घडवितां येत नाहीं तें आपल्याला समजलेलें नसतें. एका अक्षरासाठीं आठवडे घालविणाऱ्या या लोकांनीं फाइनमनचे शब्द मात्र चुकीचे उतरून घेतले होते, हें पुढें उघडकीस आलें.

येवढी सिद्धता केल्यावर आजींच्या प्रश्नाचें उत्तर देतां येतें. विरजण कोठून आणलें? कॅप्रिकोलम जंतूच्या घरून. पोथी संपूर्णपणें मनुष्यानें लिहिली, यांत शंका नाहीं. परंतु ती वाचणारे कारागीर, त्या कारागिरांना लागणारी ऊर्जा, घराचें आवरण, आंतील रस, हें सारें आयतें, जिवंत, शेळीच्या जंतूपासून घेतलेलें होतें. पोथी टेबलावर ठेवली असती तर ती युगानुयुगें निर्जीवच राहिली असती. व्हेंटर यांनीं त्या वेळीं मोठ्या अभिमानानें सांगितलें कीं, या जंतूचा जन्मदाता संगणक आहे. यावर डेव्हिड बाल्टिमोर या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञानें, हें जीवन निर्माण करणें नव्हे, त्याची नक्कल करणें होय, अशा अर्थाचा अभिप्राय दिला.

तथापि अनंताच्या पक्षालाही न्याय दिला पाहिजे. नव्या पोथीप्रमाणें घर चालूं लागलें म्हणजे जुनें सामान हळूहळू नाहींसें होतें. पेशींचीं दोनाचीं चार, चाराचीं आठ अशीं घरें होतां होतां सुमारें तीस पिढ्यांनंतरच्या पेशींत मूळ यजमानाचें एकही प्रथिन उरत नाहीं, असें त्या शास्त्रज्ञांनीं हिशेबानें दाखविलें. शेजारणीकडून आणलेल्या चमचाभर दह्यांतील मूळ कण महिन्याभराच्या विरजणानंतर आपल्या पातेल्यांत कोठें सांपडणार? तरीही तिनें तो चमचा दिला नसता तर आपलें दहीं लागलें नसतें. सामान सगळें बदललें. सांखळी मात्र तुटली नाहीं. केवळ निर्जीव द्रव्यांपासून, कोणत्याही जिवंत पेशीची मदत न घेतां, वाढणारी व प्रजा उत्पन्न करणारी पेशी घडविण्याचे प्रयत्न निरनिराळ्या देशांत चालूं आहेत. पण तें आजवर कोणासही साधलेलें नाहीं.

या कथेचा उत्तरार्ध मला तर पूर्वार्धाहून अधिक महत्त्वाचा वाटतो. पोथी लिहितां येऊं लागल्यावर ते आपल्या मूळ प्रश्नाकडे वळले. जगण्यास अवश्य तेवढींच जनुकें ठेवून बाकीचीं काढून टाकावयाचीं. उपलब्ध ज्ञानाच्या आधारें त्यांनीं एक आदर्श पोथी आठ भागांत आंखली. आठांपैकीं एकच भाग जिवंत पेशी देऊं शकला. कागदावर जें अनावश्यक वाटलें तें घरांत आवश्यक ठरलें. मग एकेक जनुक बंद करून पाहण्याची कष्टाची वाट धरावी लागली. २०१६ सालीं ५,३१,५६० अक्षरांची, ४७३ जनुकांची पेशी सिद्ध झाली. स्वतंत्रपणें वाढणाऱ्या ज्ञात पेशींत इतकी लहान पोथी तोंवर कोणाचीच नव्हती. आणि या ४७३ पैकीं १४९ जनुकें नेमकें काय काम करतात हें ती घडविणाऱ्यांनाच ठाऊक नव्हतें. काढलीं तर पेशी मरते किंवा खुरटते, एवढेंच समजलें होतें. फाइनमनच्या वचनाची ही दुसरी बाजू. घडवितां आलें, तरी समजलें असें झालें नाहीं.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्यांना याचें नवल वाटूं नये. घरांत एखादी वृद्ध आत्या असते. ती दिवसभर काय करते हें कोणास सांगतां येत नाहीं. ती चार दिवस गांवीं गेली म्हणजे मात्र घराचा गाडा अडतो. या १४९ जनुकांत अशा आत्या किती असाव्यात याची झलक पुढें मिळाली. ती लहान केलेली पेशी जगत होती, पण तिचीं पोरें वेड्यावांकड्या आकाराचीं निपजत. कोणी लांबट तंतूसारखें, कोणी फुगलेलें. १९ जनुकें परत घातल्यावर पेशी सुबक गोल विभागूं लागली. त्यांतील सात या कामीं आवश्यक आहेत, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालें. आणि त्या सातांतील बहुतेकांचें कार्य तोंपर्यंत अज्ञात होतें. २०२३ सालीं इंडियाना विद्यापीठांतील संशोधकांनीं दाखविलें कीं, अशीच पेशी सुमारें दोन हजार पिढ्या वाढूं दिली असतां, जनुकें काढून टाकल्यामुळें गमावलेला जोम तिनें स्वतःच भरून काढला. मनुष्यानें छाटलेल्या पोथींत निसर्गानें आपल्या दुरुस्त्या केल्या.

राहिली दादांची शंका. हें काम माणसाचें नव्हे काय? या विद्येंत भय नाहीं असें म्हणणें अप्रामाणिकपणाचें होईल. २००२ सालींच अमेरिकेंत सुमारें साडेसात हजार अक्षरांचा पोलिओचा विषाणु केवळ लिखित अनुक्रमावरून तयार करून दाखविण्यांत आला होता. २०१० च्या वृत्तानंतर अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनीं आपल्या नीतिविषयक समितीला याचा विचार करण्यास सांगितलें, व त्या समितीनें त्याच वर्षाच्या अखेरीस अहवाल दिला: संशोधन थांबवूं नये, पण त्यावर जागती नजर असावी. डिसेंबर २०२४ मध्यें तर ३८ शास्त्रज्ञांनीं एकत्र येऊन एक इशारा दिला. सजीवांतील रेणूंना डाव्या-उजव्या हातांसारखी ठराविक ठेवण असते. ती सर्वस्वी उलटी करून आरशांतील प्रतिबिंबासारखा जंतु घडविला, तर मनुष्य, जनावरें व वनस्पति यांच्या शरीरांतील संरक्षक यंत्रणा त्याला ओळखूं शकणार नाहींत असें भय आहे. म्हणून तो घडवूंच नये, असें त्यांचें म्हणणें. सही करणारांत व्हेंटर होते, आणि २०१० च्या प्रयोगांतील त्यांचे सहकारी जॉन ग्लास हेही होते. वाट कोठें थांबवावी हें त्यांना सांगतां आलें, कारण ती वाट त्यांनीं स्वतः चालून पाहिली होती. जे त्या विद्येपासून दूर राहिले त्यांना हा इशारा देतां आला नसता. आपल्या मुलींना या विद्येपासून दूर ठेवूं पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनीं याचा विचार करावा.

आणि कुंभांतील कौरवांविषयीं एकच सांगतों. पुराणकथा आपल्या जागीं थोर आहेत. परंतु विज्ञानांत ‘केलें’ म्हणावयाचें तर कसें केलें, कोठें चुकलें, कोणतें अक्षर गळलें, हें दुसऱ्यास करून पाहतां येईल इतक्या तपशिलानें सांगावें लागतें. तो तपशील जेथें नाहीं तेथें पूर्वजांच्या नांवावर शोध चढविण्यानें त्यांचा मान वाढत नाहीं.

वाचकांनीं घरांतील मुलांकडून एक लहानसा प्रयोग करवून घ्यावा. दूध चांगलें उकळून कोमट झाल्यावर उकळत्या पाण्यानें धुतलेल्या दोन वाट्यांत घालावें. एकींत विरजण लावावें, दुसरींत नुसता स्वच्छ चमचा फिरवावा, व दोन्ही झांकून ठेवाव्यात. सकाळीं दोन्हींत पडलेला फरक मुलांनींच पाहून सांगावा. दुसरी वाटी तशीच ठेवली तर ती पुढें नासेल. तेव्हां तींत जंतु आले कोठून, हेंही त्यांना विचारावें.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वीं घरीं वाचून दाखविला. अनंतानें ब्रह्मदेवाचें निवृत्तिवेतन तूर्त मागें घेतलें. दादा बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, “चारशें त्र्याहत्तरांत एकशें एकूणपन्नास म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश झाले, नाहीं का? आणि त्यांचें काम कोणालाच ठाऊक नव्हतें?” मीं होय म्हटलें. ते उठले, चष्मा शोधला, आणि मुक्तेला म्हणाले, “तो प्रवेशाचा अर्ज आण पाहूं. शेवटची तारीख कोणती आहे?”

आजी तोंवर आंत गेल्या होत्या. शेजारच्या नव्या बिऱ्हाडाची सून दारांत वाटी घेऊन उभी होती. त्यांचें विरजण संपलें होतें.